काळीतली मेढ

चैत्र सरत आला की आमच्याकडची जमीन तोंड वासते. परभणीच्या काळ्या रानात उन्हाळ्यात ज्यानं पाऊल टाकलंय, त्याला वेगळं सांगायला नको. भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो, चप्पल अडकते, शेळीचं पिल्लू पाय मोडून घेतं. परवा सकाळी अंगण झाडताना बेलाच्या झाडापासून फाटकापर्यंत गेलेली एक लांब भेग दिसली आणि झाडू हातात तसाच राहिला. लोक असल्या भेगा बघून पावसाची वाट बघतात. मला दरवर्षी एकच उन्हाळा आठवतो, आणि आठवला की आजही दात आवळले जातात. मराठीची शिक्षिका म्हणून मी निवृत्त झाले, साठीला टेकले, पण राग काही निवृत्त झालेला नाही.

तो उन्हाळा माझ्या गौरीच्या लग्नाचा. त्याच्या तीन वर्षं आधी तिचे वडील गेले होते. झरीच्या अलीकडचं आमचं गाव, आणि गावात एका घराचे झालेले दोन भाग: पुढचं अंगण आणि दोन खोल्या माझ्या, मधली उंच भिंत आणि तिच्या पलीकडचं सगळं थोरल्या दिरांचं. आमच्या घरात लग्न निघालं की मांडव अंगणातच पडायचा. भिंतीत वाशांसाठी चार भोकं ठेवलेली होती. वाशांची एक टोकं त्या भोकांत आणि दुसरी टोकं समोरच्या मेढींवर. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला लाकडी खांब. त्यातली पहिली मेढ मुहूर्त बघून, हळदकुंकू वाहून रोवतात, ती मुहूर्तमेढ. ती रोवायची जोडप्यानं. विधवेनं त्या खड्ड्याच्या आसपासही फिरकायचं नाही.

वर्गात मी हाच शब्द वर्षानुवर्षं शिकवला. ‘मुहूर्तमेढ रोवणे’ म्हणजे शुभारंभ करणे, वाक्यात उपयोग करा. मुलं कुठल्यातरी कारखान्याची नाहीतर वाचनालयाची मेढ रोवून मोकळी व्हायची आणि मी लाल पेनानं बरोबरची खूण करायचे. त्या वह्यांच्या गठ्ठ्यांमधल्या एकाही वाक्यात मेढ बाईनं रोवलेली नव्हती. मला ते कधी खटकलंही नव्हतं, हे कबूल करते.

खटकलं ते थोरले दीर, भाऊजी, ओसरीवर येऊन बसले त्या दिवशी. त्यांचा आवाज कधी चढत नसे. मला तर वाटतं, चढला असता तर बरं झालं असतं.

“मेढ मी आन् अक्का रोवू,” ते म्हणाले. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. “तू तेवढा येळ आत बस, कमल. लेकरीच्या भल्यासाठीच सांगायलोय.”

“मी आत बसनार न्हाई, भाऊजी. मेढ मीच रोवनार.”

“लोक काय म्हनतील?”

“लोकांना जेवायला बलावलंय. जेवतील.”

त्यांनी पान लावलं, चुना नीट फासला, आणि मग म्हणाले, “मग माज्या भितीला मांडव टेकायचा न्हाई.”

“न्हाई टेकवत.”

“काळीत मोकळा मांडव उभा ऱ्हात न्हाई. एक वावटळ आली की चारी पाय वर. आन् लग्नाचा मांडव पडला तर खापर कुनाच्या डोक्यावर फुटंल, तुला कळत आसंल.”

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि भिंतीतली चारही भोकं सिमेंटनं बुजवून गेला. नंतर त्यानं माझ्याच माठातलं पाणी मागितलं. मी दिलं.

आम्ही लिंगायत. नवरा गेला म्हणून बाईच्या गळ्यातलं लिंग कुणी काढून घेत नाही. विटाळ नाही, सुतक नाही, ही आमच्या घराण्याची शिकवण. भाऊजी या विषयावर गावातल्या कार्यक्रमांत तासभर बोलायचे, आणि चांगलं बोलायचे, मी टाळ्याही वाजवलेल्या आहेत. घरी आले की चप्पल आणि शिकवण एकाच ठिकाणी काढून ठेवायचे. मला खरा राग येतो तो याचा. ज्याला माहीतच नाही त्याच्याशी भांडण कसलं? माहीत असून जो मला आत बस म्हणतो, त्याच्याशी माझं भांडण होतं आणि आहे.

गौरी परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होती. रविवारी आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिच्या होणाऱ्या सासरचे लोक मंगल कार्यालय घ्यायलाही तयार होते. लोखंडी पाइप आणि रंगीत कापडाचा मांडव तर एका फोनवर दारात आला असता. पोरीनं त्या बुजवलेल्या भोकांवरून हात फिरवला. मग म्हणाली, “आई, मला तू घातलेल्या मांडवातच बसायचंय. पडला तर पडू दे माझ्या डोक्यावर.” मी तिला शुभ बोल म्हणून रागावले आणि आत जाऊन डोळे पुसले.

आता मोकळा मांडव. चारी बाजूंनी काही नाही, खाली काळी माती आणि वर वैशाखाचं वारं. हे काम येणारं गावात एकच माणूस होतं, गफूरचाचा. उभ्या जन्मात त्यांनी गोठे आणि आखाडे, म्हणजे शेतातली घरं, बांधली. नजर मंदावली होती म्हणून काम सोडलं होतं. मी निरोप धाडला तर म्हणाले, “बाई, मला दिसत न्हाई. सांगायला येतो. हात तुमचे लागतील.” मला तेच हवं होतं.

लाकूड बांधावरचं. गौरीच्या वडिलांनी लावलेल्या बाभळींतल्या काही आदल्या पावसाळ्यात कोसळल्या होत्या, त्या तोडून सावलीला टाकून ठेवल्या होत्या. त्यातले सहा खांब चाचांनी हातानं चाचपून निवडले. एकही सरळ नव्हता. एकाला मध्येच कोपर होता, एक तर कमरेत लचकल्यासारखा. मी म्हटलं, “हे असले वाकडे?” तर चाचा हसले. “हौ, वाकडेच. दोरीला दगड बांधून वरच्या बेचक्यातून सोडा. दगड बुडख्याच्या मधोमध आला की झालं. मधी लाकूड कुटं बी फिरू द्या.” पहिल्यांदा साल काढायची, कारण वाळवी सालीखाली घर करते. साल सोलताना जो वास सुटतो तो मला आजही आवडतो, ओल्या चहापत्तीसारखा काहीसा. विळ्यानं सोलून सोलून माझ्या तळव्यांना फोड आले, आणि शाळेत परीक्षा सुरू होत्या, तेव्हा फोडांवर चिंधी बांधून मी पर्यवेक्षण केलं.

मग बुडखे भाजायचे. तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करून जमिनीत जाणारा भाग आणि वर आणखी वीतभर, कोळशासारखा काळा होईपर्यंत गोल फिरवत भाजला. त्यावर गॅरेजमधून आणलेलं जळकं तेल पाजलं. लाकूड सडतं ते माती आणि हवा जिथं भेटतात तिथंच, चाचा सांगत होते, म्हणून तिथं हात राखायचा नाही. भिंतीपलीकडून अक्का खोकल्या. धूर त्यांच्याकडे जात होता. वाऱ्याला भिंत कशी कळणार.

खड्ड्याशी माझी ओळख त्याआधी एकदाच झाली होती. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. गौरीचे वडील आमच्याच रानात आहेत. त्या दिवशी मी लांब उभी होते आणि खड्डा किती खोल आहे ते मला कुणी बघू दिलं नव्हतं. या खड्ड्यात मात्र मी स्वतः उतरले. आदल्या संध्याकाळी पाणी ओतून ठेवायचं आणि सकाळी पहार घालायची. वरची वीतभर माती दगड झालेली. तिच्याखाली ओलसर, चिकट, हाताला चिकटली की न सुटणारी काळी. आणखी खाली गेलं की रंग बदलतो, आधी करडा, मग पिवळट, आणि पहारीचा आवाजही बदलतो. खर्र झालं की मुरूम लागला.

“काळी उन्हाळ्यात आकसती, पावसात फुगती,” चाचा बाजेवरून सांगायचे. “तिच्यात रोवलेलं काय बी ती ढकलून देती. तिचा गुन्हा न्हाई, तिचा सोभावच हाय. खांबाचा पाय मुरमात पायजे. आन् भरताना बी मुरूमच. काळीची एक ओंजळ बी परत खड्ड्यात जाऊ देऊ नका.”

खाली सपाट दगड, त्यावर खांब, भोवती दगडांची पाचर, मग वीतभर मुरूम, थोडं पाणी, धुम्मस मारायची. धुम्मस म्हणजे खाली जड ठोकळा असलेला दांडा, दोन्ही हातांनी उचलायचा आणि सोडायचा. परत वीतभर, परत धुम्मस. वर आलं की खांबाच्या बाहेरच्या अंगाला उतार, म्हणजे पाणी थांबत नाही. पाणी पडलं ते पडलं, थांबू नये, इतकंच.

मुहूर्ताच्या सकाळी पाच सवाष्णी यायच्या होत्या. एकही आली नाही. भाऊजी त्यांच्या गल्लीकडच्या ओट्यावर, आमच्या फाटकातून दिसतील असे, पाठ करून बसले होते. अक्का त्यांच्या दारात हळदीचं ताट घेऊन उभ्या होत्या, उंबऱ्याच्या आत. उंबऱ्याच्या आत आणि ताट हातात, हे दोन्ही मी नीट पाहिलं. आमचे पुरोहित, जंगम स्वामी, वेळेवर आले. भाऊजींनी मान न वळवता विचारलं, “सामी, हे चालतं का?” स्वामींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “मुहूर्त जायलाय. चला.”

मी हळकुंड आणि सुपारी पिवळ्या फडक्यात बांधून मेढीला बांधली, उंबराची फांदी आणि आंब्याचे डहाळे लावले, बुडखा खड्ड्यात सोडला. आणि मग लक्षात आलं की खांब एकटीला धरताही येत नाही आणि ठोकताही येत नाही. गौरी नवरी, तिनं आज पाटावरून हलायचं नाही. मी चाचांकडे पाहिलं. ते बाजेवरून उठून दोन पावलं मागं सरकले होते.

“नक्को बाई. शुभ काम हाय तुमचं. माजा हात कशाला?”

“चाचा, माजा बी हात नको म्हनायलेत. धरा.”

त्यांनी टोपी नीट केली आणि मेढ धरली. मी मुरूम टाकला, धुम्मस मारली. गल्लीत बघ्यांची गर्दी होती. धुम्मसचा आवाज तेवढा येत होता. तेव्हा मला शुभ वाटत होतं की अशुभ, असं नंतर एका मैत्रिणीनं विचारलं. मला माझे खांदे दुखत होते, एवढंच आठवतं. आणि एक गोष्ट आठवते: मी खूष होते, इतकी खूष की मला स्वतःचीच लाज वाटली.

बाकीच्या मेढी पुढच्या चार दिवसांत उभ्या राहिल्या. पाचवीपर्यंत नीट. सहावीला मी घोळ घातला. शुक्रवार होता, चाचा नमाजाला गेले होते, टोपल्यात मुरूम संपला होता आणि शेजारी खड्ड्यातून निघालेल्या काळीचा ढीग पडला होता. ती माती म्हणजे लोण्याचा गोळा. माझे वडील शेतातून निघताना बांधावर पाय झटकायचे, रानाची माती रस्त्याला जाऊ नये म्हणून. असल्या बापाची लेक मी. एवढी सोन्यासारखी माती फेकायची कुठं? माझं मन धजेना. मी ती परत खड्ड्यात लोटली, वरून चार ओंजळी मुरूम पसरला आणि धुम्मस मारून घेतली. चाचांना सांगितलं नाही. आमच्या भागात जन्मलेल्या माणसाशिवाय ही चूक दुसरं कुणी करणार नाही, असं मला वाटतं.

बेचक्यांत आडवी लाकडं बसली, कोपऱ्यांना तिरक्या कैच्या लागल्या, काथ्यानं आवळलं, वर तुराट्या अंथरल्या. मांडव उभा राहिला. त्याच्याखाली पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा हात लांब करून बघितलं, कुठली भिंत लागते का. नाही लागली.

हळदीच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं होत आलं. आधी धूळ, मग पत्रे वाजायला लागले, मग वारं असं शिरलं की तुराट्यांचं छप्पर श्वास घेतल्यासारखं वर उचललं आणि खाली बसलं. गाराही पडल्या. पाऊण तास आम्ही खिडकीतून बघत होतो. कुणी देवाचं नाव घेत होतं. मी नाही. मी मेढी मोजत होते, एक ते सहा, परत एक ते सहा.

पाऊस थांबला तेव्हा सहाच्या सहा उभ्या होत्या. फाटकाजवळची सहावी मात्र बाहेरच्या अंगाला कलली होती, चांगली वीतभर. काळीनं पाणी पिऊन तिला ढकललं होतं. क्षणात अंगण माणसांनी भरलं. “आवं, मेढ कलली!” हे वाक्य मी त्या एका तासात निदान पन्नास तोंडांतून ऐकलं असेल.

भाऊजी आले. त्यांना आनंद झाला होता असं मी म्हणणार नाही. तसे ते दुष्ट नव्हते, घाबरट होते. “कमल,” ते म्हणाले, “अजून बी येळ गेली न्हाई. भितीची भोकं फोडून देतो, वासे टेकवू. सामीकडून शांत करून घेऊ, आन् मी आन् अक्का मेढ परत रोवतो. पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय.”

सगळे माझ्याकडे बघत होते. हीच ती वेळ, जिची मला आठ वर्षांनंतरही भीती वाटते. कारण मी डळमळले होते. गौरीला उद्या काही झालं, साधं पडसं जरी झालं, तरी ते माझ्या हातावर लिहिलं जाणार होतं. आईच्या मनाला यापेक्षा मोठा धाक दुसरा कुठला?

चाचा तोवर सहाव्या मेढीपाशी उकिडवे बसून बोटं मातीत घालत होते. बोटं नाकाशी नेली. “ह्यात काळी हाय,” ते हळूच म्हणाले.

आणि मला एकदम हायसं वाटलं. खरंच सांगते, हायसं. चूक मातीची होती. विधवेच्या हाताची नव्हती. मी मोठ्यानं म्हणाले, “हौ, काळी हाय. मीच घातली. मुरूम संपला व्हता आन् मी आळस केला. कलली ती त्याच्यानं कलली. आता काढते.”

जरीची साडी तशीच खोचली, पालथी पडले आणि खांद्यापर्यंत हात घालून ती फुगलेली काळी ओंजळी-ओंजळीनं बाहेर काढायला लागले. दोघा-तिघांनी वर खांब तोलून धरला. मुरूम ओला होता, म्हणून चाचा म्हणाले दगडच भरा. दगड कोण आणणार असा विचार करते तोच माझ्या तोंडापुढं एक दगड आला आणि त्याच्याभोवती पिवळे हात. गौरी. हळद लागलेल्या नवरीनं घराबाहेर पडायचं नसतं. ती अंगणभर फिरून दगड गोळा करत होती.

“आत जा,” मी ओरडले.

“तू गेलीस का?” ती म्हणाली, आणि पुढचा दगड आणायला गेली.

मेढ पुरती सरळ झाली नाही. दोन बोटं कललेलीच राहिली. भाऊजी म्हणाले, “वाकडीच ऱ्हायली.” मी म्हटलं, “वाकडी ऱ्हायली. पडली न्हाई.” दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात लग्न लागलं आणि लोक पोटभर जेवले.

लग्नानंतर मांडव काढायचा असतो. मी काढला नाही. भाऊजींनी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. दरवर्षी तुराट्या बदलते, बुडख्यांना तेल पाजते. दुपारी गल्लीतल्या पोरी तिथं अभ्यासाला बसतात. गौरी गंगाखेडला असते, तिचं बरं चाललंय, आणि वाईट चाललं असतं तरी मी मेढीकडे बोट दाखवू दिलं नसतं. संसार मोडायला माणसं पुरेशी असतात, लाकडाची गरज लागत नाही. गफूरचाचा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मातीला मी गेले नाही, आमच्याकडच्या बायका जात नाहीत म्हणून, आणि ज्या थोड्या गोष्टींची मला लाज वाटते त्यातली ही एक. पहिली मेढ धरणारा माणूस होता तो.

गेल्या वर्षी भाऊजीही गेले. रडू आलं मला, खोटं कशाला सांगू. एका घरात तीस वर्षं काढली होती. आणि यंदा, या वैशाखात, त्यांच्या धाकट्याचं लग्न आहे. मेढीला चुलत भावकीतलं जोडपं येणार, असं मला उडत उडत कळलं होतं. आमचा अबोला नव्हता, पण बोलणं मीठ-साखरेपुरतंच होतं.

काल सकाळी भिंतीपलीकडून पहारीचा आवाज आला. एक घाव, मग बराच वेळ काही नाही, मग परत एक घाव. नवख्या हाताची पहार कानाला लगेच कळते. मी फाटकातून वळून त्यांच्या दारात गेले. अंगणाच्या मधोमध अक्का उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, कपाळ मोकळं, घामानं निथळत होत्या, आणि पायाशी जेमतेम वीतभर खड्डा. त्यांचा मोठा मुलगा ओट्यावर बसून रडवेल्या आवाजात म्हणत होता, “आई, भावकीत आसं कुनी केलं न्हाई. काकाला इचारू, सामीला इचारू.”

माझ्या जिभेवर आठ वर्षांपासून एक वाक्य तयार होतं. उंबऱ्याच्या आत उभं राहणाऱ्या बाईसाठी घासून पुसून ठेवलेलं. मी तोंड उघडलंसुद्धा.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. पहार दोन्ही हातांत घट्ट धरलेली होती.

“रोवू का म्हनून कुनाला इचारत न्हाई मी,” त्या म्हणाल्या. “तुला बी न्हाई. किती खोल घ्यायचं, तेवढंच इचारायलेय.”